खोटी हाळी

परवा सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि ओल्या लोकरीचा वास आला. बोईसरमध्ये राहणाऱ्या माणसाला वासांची पारख ठेवावीच लागते. वारा कारखान्यांकडून असला तर आज कोणाच्या चिमणीतून काय सुटलंय ते मी डोळे न उघडता सांगू शकतो, आणि वारा समुद्राकडून वळला की नवापूरला बोंबील कितपत वाळलेत तेही. पण लोकरीचा हा वास वर्षातून एकदाच येतो. भात कापून झालेलं असतं. सालवडच्या शेतांत नुसते खुंट उरलेले असतात, दवानं चकाकणारे. आणि एके दिवशी त्या खुंटांवर कुणीतरी मळक्या गोधड्या वाळत घातल्यासारखी मेंढरं बसलेली दिसतात. घाटावरचे धनगर खाली उतरलेले असतात. आता वैशाखापर्यंत त्यांचा मुक्काम. मेंढरं रात्रीची शेतात बसणार, शेताला खत मिळणार, शेतकरी त्यांना धान्य देणार. पंचांगात या दिवसांना काय म्हणतात यात माझा नेहमी गोंधळ होतो. मी याला मेंढरांचा हंगाम म्हणतो.

त्यातल्या एका हंगामाला आमच्या घरात ‘तुमचा पराक्रम’ असं नाव आहे. बायको ते नाव पाहुण्यांसमोरच घेते.

मी इथल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. जन्म साताऱ्याकडचा, पण बोईसरला येऊन इतकी वर्षं झाली की आता गावी गेलो तर तिथलीच माणसं मला ‘पुण्याचे का?’ म्हणून विचारतात. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी साहेबांना ‘व्हय’ म्हणालो होतो. साहेब नुसते हसले, वाईट काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी मी माझी बोली लाँड्रीत टाकली ती परत आणायला गेलोच नाही. अशा इस्त्री केलेल्या जिभेच्या माणसावर एक बोली वाचवायचं काम सोपवण्यात आलं, हा खरा विनोद. बाकीचं नंतर घडलं.

काम सोपवलं मेहुणीनं. वसुधा पुण्यात भाषाशास्त्र शिकवते. फिरत्या धनगरांची बोली संपत चाललीय, मुलं वसतिगृहात राहून शिकतात, खांडं, म्हणजे मेंढरांचे कळप, विकली जातात, आणि मेंढरं गेली की त्यांच्याशी बोलायचे शब्दही जातात, असं तिचं म्हणणं. तिनं मला एक छोटं रेकॉर्डर, शब्दांची यादी आणि दोन अटी पाठवल्या.

“भावोजी, तुम्ही फक्त बटण दाबायचं. आणि बोलायचं नाही.”

“पहिली अट जमेल,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाळूदादाच्या शेतात त्या वर्षी बायजाआक्काचं खांड बसलं होतं. बाळूदादा सालवडचा, आमच्या सोसायटीला दूधही तोच घालतो. “आक्काकडं जा,” तो म्हणाला, “पन जास्ती बोलू नका. ती मेंढरांशी बोलते, मानसांशी तिला कटाला येतो.” आक्का म्हणजे साठीपुढची, काठीसारखी ताठ बाई. नवरा गेल्यापासून खांड तीच हाकत होती. मुलगा म्हाळू पिकअप चालवायचा, घोड्यांवरचं बिऱ्हाड आता त्याच्या पिकअपमधून फिरायचं. सून अर्चना बारावी पास.

यादीतला पहिला शब्द होता ‘ऊ’.

“आक्का, तुमच्यात उवेला काय म्हणतात?”

“तुमच्यात काय म्हंत्यात?”

“ऊ.”

“मग आमच्यात काय हत्ती म्हनत्याल?”

यानंतर मी यादी खिशात ठेवली आणि तिथंच माझ्या हातून एकुलतं एक शहाणपण घडलं. आक्का आपणहून बोलायला लागली. डोळ्याभोवती काळं असलेली मेंढी ती काजळी. कान आखूड ती बुचकी. पहिलटकरीण वेगळी, पिल्लू टाकून देणारी वेगळी, दुसरीच्या पिल्लाला दूध पाजणारी वेगळी, आणि त्या प्रत्येकीला एक एक शब्द. मला सगळी मेंढरं एकसारखी दिसायची. आक्काला आमच्या सोसायटीतली माणसं एकसारखी दिसायची. “पँट घातलेली,” ती म्हणाली, “आन् पँट घालून पळनारी.”

दुपारच्या त्या वेळा मला अजून अंगावर जाणवतात. खुंटांवरचं कोरडं ऊन, लेंड्यांचा उबदार, गवतासारखा वास, मेंढरांचं एकाच वेळी शेकडो तोंडांनी रवंथ करणं. डोळे मिटले तर दूर कुठंतरी पाऊस पडतोय असं वाटावं. मधूनच कारखान्याचा भोंगा वाजला की सगळी तोंडं क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची, जणू पाळी बदलली. मी रोज दुपारी पहिल्या पाळीवरून सुटलो की तिथं जायचो. बायकोला वाटलं मला नाद लागला, आणि तो खरंच लागला होता.

मला हवी होती ती आक्काची हाळी. सकाळी ती खांडाच्या पुढं उभी राहायची आणि पोटातून एक लांब आवाज काढायची. त्यात ‘हुर्र’ होतं, ‘चला’सारखं काहीतरी होतं, दोन-तीन शब्द असे होते जे वसुधाच्या कुठल्याच कोशात नव्हते, आणि शेवटी आवाज असा वर जायचा की माझ्या पाठीवर काटा यायचा. बसलेलं खांड एका अंगानं उठायचं आणि तिच्यामागं चालू लागायचं.

एकदा भर दुपारी मी म्हणालो, “आक्का, ती हाळी एकदा देता का? यंत्रात घेतो.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी देवळात चप्पल घालून गेल्यावर पुजारी पाहतो तसं.

“आत्ता? आत्ता कुटं न्यायचीत त्यांस्नी?”

“कुठंच नाही. नुसती.”

“नुसती हाळी आसती व्हय? हाळी दिली की चारा नायतर पानी दावायचं आसतं. खोटी हाळी दिली तर जनावराच्या मनातनं मानूस उतरतं. माझ्या सासऱ्यानं येकदा चेष्टेनं दिलीती. त्या वर्षी खांड त्येच्या मागं येईना. लई हिंडला बिचारा, मेंढरांम्होरं हात जोडीत.”

हा त्यांचा नियम. हाळी म्हणजे वचन. माणसांनी असा नियम पाळायचा ठरवला तर आमच्या कारखान्यातल्या मीटिंगा बंद पडतील. मग मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी जाऊन खरी हाळी रेकॉर्ड करू लागलो.

आणि इथं अर्चनाबद्दल सांगायला हवं, कारण त्या हंगामात पणाला लागलेलं होतं ते तिचं. आक्काचे गुडघे गेले होते. घाट चढून परत जायचं, तिथून पुढं खांड सुनेनं सांभाळायचं, असं आक्काच्या मनात. म्हाळूनं साफ सांगितलेलं: परत जायच्या वेळेपर्यंत मेंढरं अर्चनामागं चालली तर ठेवू, नाही तर खांड विकू आणि अर्चना कुठंतरी पॅकिंगला लागेल. वरच्या बाजारातला एक व्यापारी येऊन मेंढरांच्या पाठी दाबूनही गेला होता.

“तुला काय हवंय?” मी अर्चनाला विचारलं होतं.

“पॅकिंगला माझी बहीण आहे, सर. दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी बसायचं कसं ते विसरलेली असते. मी चालीन ना मेंढरामागं. पण ती माझ्यामागं आली पाहिजेत.”

ती येत नव्हती. अर्चना खांडापुढं उभी राहायची, पदर नीट करायची, घसा साफ करायची आणि म्हणायची, “चला. चला ना.” मेंढरं तिच्याकडं शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडं मुलं पाहतात तशी पाहायची. आदरानं, आणि जागचं न हलता.

“शाळा घेतीया मेंढरांची,” आक्का कपाळाला हात लावायची. “आगं, पोटातनं काड आवाज. लाजतीस काय?”

अर्चना माझ्याकडं पाहून लाजायची. तालुक्याच्या शाळेत मुलींनी तिच्या बोलण्याची नक्कल केली होती, तेव्हापासून तिनं ते बोलणं घासून घासून काढून टाकलेलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, माझी लाँड्रीची गोष्ट सांगितली, आम्ही दोघं हसलो. एवढं सगळं समजून मला काहीही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा यंत्र घेऊन तिच्यापुढं उभा.

मग मला उपाय सुचला. मला उपाय सुचला की बायको विम्याचे कागद शोधते. मी स्टेशनजवळच्या दुकानातून एक छोटा स्पीकर आणला, त्यात आक्काची हाळी भरली आणि अर्चनाच्या खांद्याला अडकवला. सकाळी तिनं बटण दाबलं. आक्काचा आवाज घुमला. खांड उठलं आणि अर्चनामागं, म्हणजे स्पीकरमागं, निघालं.

“माझा आवाज डब्यात घातलास व्हय?” आक्का म्हणाली. तिला हसू आलं की नाही ते मला कळलं नाही. मी माझ्याच कौतुकात होतो. “ह्यो डबा चारा दावनार का त्यांस्नी?”

“चारा अर्चना दाखवील. आवाज फक्त तुमचा.”

पंधरा दिवस खांड डब्यामागं चाललं. आक्का झोपडीपाशी पाय पसरून बसू लागली, हाळी द्यायची थांबली, “डबा हाय की” म्हणायची. मी वसुधाला लांबलचक संदेश पाठवला, तंत्रज्ञान आणि परंपरा असे दोन परिच्छेद पाडून. तिच्याकडून उत्तरादाखल नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मी ते आश्चर्य समजलो.

तो दिवस उजाडला तेव्हा म्हाळू आक्काला गुडघे दाखवायला पालघरला घेऊन गेला होता. अर्चना एकटीच खांड काढत होती. मी पहिल्या पाळीला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी मी मोबाइलवर आक्काची हाळी ऐकत बसलो होतो, ती अर्धवट राहिलेली. गाडी सुरू केली की माझा मोबाइल न विचारता गाडीच्या स्पीकरला जाऊन चिकटतो आणि जिथं थांबला होता तिथून सुरू होतो. बाळूदादाच्या शेताच्या कडेनं मी निघालो, खिडक्या उघड्या, आणि आक्का गर्जली.

मी आवाज थोडा वाढवला. खरं सांगतो, अभिमानानं.

नवापूरच्या रस्त्याला लागलो आणि आरशात पाहिलं. आरशावर लिहिलेलं असतं, वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. वस्तू खूपच जवळ होत्या, लोकरीच्या होत्या आणि पळत होत्या. मी घाबरून वेग वाढवला, तसा त्यांनीही वाढवला. मी थांबलो, तशी ती गाडीभोवती गोळा झाली आणि आशेनं माझ्याकडं पाहू लागली. काजळी मी पहिल्यांदाच ओळखली. तिचं नाक खिडकीतून आत आलं होतं. मी पडद्यावर बोट दाबलं. आवाज बंद व्हायच्या ऐवजी जास्तीत जास्त झाला. समोरच आमच्या कारखान्याचं फाटक होतं, मी तिकडं वळवली. निम्मं खांड माझ्याबरोबर वळलं, निम्मं रस्त्यावर.

पहारेकरी धावत आला. नवा माणूस, बिहारचा, फार कर्तव्यदक्ष. त्यानं खांडाकडं पाहिलं, मग वहीकडं.

“साहब, गेट पास किसके नाम से बनाऊँ?”

तेवढ्यात मागून अर्चनाचा डबा ओरडायला लागला. ती बिचारी पळत येत त्यांना परत बोलवत होती. आता पुढून एक आक्का, मागून एक आक्का. मेंढरं मधोमध खुळ्यासारखी गोल फिरू लागली, आणि कोकरं रस्त्याच्या पार मध्यावर. त्या रस्त्यानं अॅसिडचे टँकर जातात. एक येतच होता, भोंगा वाजवत. आता भोंगा धरला तर तीन आवाज, आणि मेंढरं तिन्हींकडं धावायला तयार. मला एवढंच कळत होतं की आता जे होईल ते माझ्यामुळे होईल.

अर्चनानं खांद्यावरचा डबा काढून गटारात फेकला. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरला होता, तिनं तो सावरला नाही. आणि पोटाच्या तळातून तिचा आवाज आला:

“ए मुडद्याऽऽ. बंद कर तुजं त्ये थोबाड. माजी लेकरं चाकाखाली घालतूस व्हय रंऽऽ. फिराऽऽ, माघारी फिराऽऽ.”

पहिली तीन वाक्यं मला होती. पण आवाज अख्ख्या खांडाला होता. सगळे कान एकदम तिच्याकडं वळले. बुचकीचे नसलेले कानसुद्धा. मग माना वळल्या, मग अंगं, आणि रस्त्यावरची ती मळकी लाट उलटी फिरून तिच्या पायांशी जाऊन थांबली. टँकरही थांबला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं; मला वाटतं, तोही माघारी फिरायच्या बेतात होता. मी तर किल्लीच काढून घेतली. तेव्हा कुठं गाडीतली आक्का गप्प झाली.

त्या शांततेत अर्चनाच्या लक्षात आलं आपण काय बोललो. तिनं तोंडावर हात ठेवला. “सॉरी सर. रागाच्या भरात...”

“नाही नाही,” मी म्हणालो, “बरोबरच आहे.”

“पण आता यांना रिकाम्या तोंडानं नेता यायचं नाही, सर. हाळी गेलीय.”

तिची नजर फाटकाच्या आत गेली. आत हिरवळ होती. कुठल्याशा बड्या पाहुण्यांच्या भेटीसाठी दोन महिने वाढवलेली, कडेला पांढरे दगड लावलेली. “औषध मारलंय का त्यावर?” तिनं विचारलं. मी धावत जाऊन माळ्याला विचारून आलो. त्या दिवशीचं माझ्या शिक्षणाला शोभेल असं एवढंच काम. नव्हतं मारलेलं. मी पहारेकऱ्याला म्हणालो, माझ्या नावावर सोड आत. त्यानं वहीत लिहिलं, ‘व्हिजिटर’, आणि संख्येच्या रकान्यात बराच विचार करून ‘बहुत’.

पुढं माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. विषय होता, हिरवळ. मी तो तीनदा लिहिला आणि प्रत्येक वेळी तो जास्तच खोटा वाटला, कारण सगळं खरं लिहिलं होतं.

संध्याकाळी आक्का पालघरहून परतली आणि मी पोचेपर्यंत बाळूदादानं तिला सगळं साग्रसंगीत सांगून ठेवलं होतं. मी माफी मागायला गेलो. मला वाटलं ती गाडीबद्दल बोलेल. ती म्हणाली, “सायब, तुमी उद्यापास्नं येऊ नगा.”

“आक्का, खरंच चुकलं माझं. पुन्हा गाडीत...”

“गाडीचं ऱ्हाऊ द्या. तुमी म्होरं हुबं ऱ्हायलासा की पोरीच्या गळ्याला लाज धरती. आज राग आला म्हून तुमी दिसला न्हाईसा तिला. एरवी रोज तुमीच आडवं.”

मी यंत्राकडं पाहिलं. हातात होतं, आणि सवयीनं चालूही होतं. ते मी तिच्यासमोर बंद केलं. बोली वाचवायला म्हणून मी रोज तिथं जात होतो आणि ती जिच्या गळ्यातून निघायची तिच्याच समोर ठाण मांडून उभा होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, “हे सांगायला मेंढपाळीण लागली?”

वसुधानं तोपर्यंत माझं रेकॉर्डिंग ऐकून संपवलं होतं. त्यात निम्म्याहून अधिक आवाज माझाच आहे, आणि त्यात मी आक्काला हाळीबद्दल माहिती देतोय, असं तिनं थंडपणे कळवलं. मी तिला रस्त्यावरची हकिगत सांगितली तेव्हा फोनवरचा तिचा आवाज एकदम ताठ झाला.

“ते रेकॉर्ड केलंत?”

“मला पडलेल्या शिव्या मी कशाला रेकॉर्ड करू?”

तिनं वही ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “निदान शब्द तरी सांगा.” मी फोनवर सावकाश सांगितले, ती लिहून घेत होती, मध्येच ‘हे पुन्हा म्हणा’ म्हणत होती, आणि स्वयंपाकघरातून बायकोच्या खोकल्याचा आवाज येत होता.

उरलेला हंगाम मी गॅलरीतूनच ऐकला. लांबून शब्द कळत नसत. सकाळी आधी आक्काचा आवाज यायचा, मग एक बारीक, तुटका. काही दिवसांनी तो बारीक आवाज आधी येऊ लागला. एका सकाळी फक्त तोच आला, आणि मी चहा गार होईपर्यंत दुसऱ्याची वाट पाहत उभा होतो. दुसरा आलाच नाही.

वैशाखात, नाक्यावर ताडगोळेवाल्या बसू लागल्या तेव्हा, बाळूदादा दूध घालायला आला आणि म्हणाला, “आज चालली हाय मेंढरा. तुमी येताय ना?” मी भीत भीत गेलो. पिकअपमध्ये बिऱ्हाड भरलं होतं, वर कोंबड्या बांधलेल्या. पुढच्या सीटवर आक्का बसलेली, प्रथमच प्रवाशासारखी, कुणावर तरी रागावल्यागत. म्हाळू फोनवर व्यापाऱ्याशी बोलत होता: “न्हाय, न्हाय. येऊ नगा. आमची कारभारीन देत न्हाय.” हे म्हणताना तो वैतागलेला होता आणि छाती थोडी पुढं आलेली होती.

अर्चना काठी घेऊन खांडापुढं उभी होती. मला पाहून तिचा चेहरा पडला. ती जवळ आली, हळूच म्हणाली, “सर, तुम्ही जरा त्या गंजीमागं जाता का? मला हाळी द्यायचीय.”

“अजून लाज वाटते?”

“तसं नाही सर,” ती जमिनीकडं पाहत म्हणाली. “त्या दिवसापासून त्यांना तीच हाळी लागते. दुसऱ्या कशानं उठतच नाहीत.”

मी पेंढ्याच्या गंजीमागं जाऊन उभा राहिलो. बाळूदादाही कुतूहलानं माझ्यामागं आला. क्षणभर सगळं शांत. आणि मग तो आवाज आला, पोटाच्या तळातून, लांब, शेवटी वर चढत जाणारा, आणि त्याच्या अगदी सुरुवातीला, स्पष्ट, मी होतो.

“ही कोनाला मुडद्या म्हंते?” बाळूदादानं विचारलं.

“मेंढरांना.”

गंजीपलीकडं खांड उठलं. शेकडो खुरांखाली खुंट मोडत गेल्याचा आवाज आला. तिनं पुन्हा हाळी दिली, थोड्या लांबून, आणि माझं एक पाऊल आपोआप पुढं पडलं. बाळूदादानं शर्ट धरून मला मागं ओढलं.